शास्त्रीबुवांची पुडी आणि तान्हूबाईचा पालक

सोनवडीच्या राणीसाहेब बाळंतपणानंतर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. राजवैद्य नरहरशास्त्र्यांनी कसल्याशा भस्माच्या पुड्या दिल्या आणि बजावलं, "रोज वाटीभर पालकाच्या रसातून घ्यायच्या." दोन महिन्यांत राणीसाहेबांच्या गालांवर लाली आली. शास्त्रीबुवा गावभर मिरवू लागले.

वाड्यावर पालक पुरवायची तान्हूबाई माळीण. ती भर बाजारात म्हणाली, "पुडीबिडी काय नाय, माझ्या पालकानं रक्त भरलं!"

झालं, शास्त्रीबुवांचं पित्त खवळलं. तिला दरबारात बोलावून घ्यायला लावून म्हणाले, "महाराज, हिला बाजारातून उठवा! औषध हा स्वार, रस म्हणजे नुसतं घोडं. लढाई जिंकल्यावर घोड्याला कुणी सरदारकी देतं का?"

दरबार खदखदून हसला.

"काय गं, आता बोल," महाराज म्हणाले.

बाजारातली जागा गेली तर खायचं काय? पण तान्हूबाईनं पदर खोचला.

"महाराज, वाड्यातल्या दोन दासी अशाच फिक्या पडल्यात. एकीला नुसती पुडी द्या, दुसरीला नुसता पालक. बघू कोण उठतं."

शास्त्रीबुवा ताडकन ओरडले, "छे छे! रसाशिवाय पुडी लागूच पडत नाही!"

"ऐकलंत? बुवांचा स्वार घोड्यावाचून पाऊल टाकत नाय. माझं घोडं मात्र रोज स्वाराशिवाय घरोघर जातं आणि आजारी माणसं उठवून बसवतं!"

दरबार पुन्हा हसला, पण या खेपेला शास्त्रीबुवांकडं बघून. तान्हूबाईच्या जागेला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम महाराजांनी हसता हसताच सोडला.