राजकन्येच्या ताटातली भाजी

खूप खूप जुनी गोष्ट आहे. एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. तिथल्या राजाला एकच मुलगी होती, बारा वर्षांची. त्या राज्याची रीत अशी होती, की गादीच्या वारसाने तेरावं लागायच्या आत दसऱ्याला गडाच्या सातशे पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढायच्या आणि वर निशाण लावायचं. ज्याला ते जमलं नाही, त्याचा गादीवरचा हक्क गेला.

राजकन्या तर वाड्याचा जिना चढतानाच धापा टाकायची. ताट पुढे आलं की दोन घास खाऊन ते बाजूला सारायची. राजवैद्यांनी नाडी पाहिली. ते म्हणाले, "रोग काही नाही महाराज. पण अंगी लागेल असं पोटात काही जात नाही."

राजाने तूप वाढवलं, बदाम-पिस्ते वाढवले. राजकन्या आणखीच कमी जेवू लागली.

मुदपाकखान्याच्या मागच्या दाराशी राही नावाची बाई रोज यायची. तिथला टाकलेला भाजीपाला ती आपल्या शेळ्यांसाठी न्यायची. तिथली रीत ती वर्षानुवर्षं पाहत होती. मुख्य आचारी भाजी घ्यायचा ती आकार बघून. वीतभर लांब, जून भेंडी. बियांनी भरलेली मोठाली वांगी. साली तो जाड काढायचा, मुळ्याचा पाला फेकून द्यायचा. पहाटे चिरलेली भाजी दुपारपर्यंत पाण्यात बुडवून ठेवायचा, मग खळखळा उकळून ते पाणी ओतून द्यायचा. उरलेल्या चोथ्यावर तूप आणि मसाला घातला की झाली शाही भाजी.

एके दिवशी राजा स्वतः मागच्या अंगणात आला. दसऱ्याला अडीच महिने उरले होते आणि त्याला वाड्यात बसवत नव्हतं. राहीने धीर केला.

"महाराज, रागावणार नसाल तर बोलते. ताईसाहेबांच्या पोटात जायला हवं, ते माझ्या शेळ्या खातायत."

आचारी पुढे आला. "चाळीस वर्षं मी राजघराण्याला जेवू घालतोय महाराज. हिला इतकं कळत असेल तर हिनेच रांधावं. पण ताईसाहेब गड चढल्या नाहीत, तर हिने नगर सोडावं."

 राहीचं घर, तिची माणसं, सगळं याच नगरात होतं. मग तिला मागच्या दारातून अनेकदा दिसलेली, जिन्यात मध्येच टेकलेली ती पोर आठवली. "कबूल," ती म्हणाली. राजानेही मान डोलावली.

पहिल्या दिवशी तिने तांदुळज्याची भाजी नुसती वाफवून वाढली. राजकन्येने घास तोंडातून काढला. "गवतासारखी लागते." आचारी दारातून हसला.

राहीला फार लागलं. पण तिने उरलेली भाजी स्वतः खाऊन पाहिली. पोर खरं तेच बोलत होती. सत्त्व राखण्याच्या नादात राही चव विसरली होती.

दुसऱ्या सकाळी ती राजकन्येला बाजारात घेऊन गेली. "ताईसाहेब, आज तुम्ही निवडायचं. भेंडीचं टोक मोडून बघा. कट्कन तुटली तर कोवळी. दुधीला नख लावा, रुतलं तर घ्या. वांगं हातात हलकं लागायला हवं."

राजकन्येने शंभर भेंड्या मोडल्या असतील. भाजीवाली कुरकुरली, पण राजकन्या कितीतरी दिवसांनी हसली.

वाड्यावर परत येऊन राहीने भाजी आधी धुतली आणि मग चिरली, तीही चूल पेटल्यावर. लोखंडी कढईत लसणाची फोडणी दिली, झाकण ठेवलं, अंगच्या पाण्यातच भाजी शिजू दिली. मुळ्याच्या पाल्यात मूगडाळ घातली. कढई उतरवल्यावर वरून लिंबू पिळलं. स्वतः निवडलेली भाजी राजकन्येने आधी चाखली, मग खाल्ली, मग दुसरी भाकरी मागून घेतली.

रोज नवी भाजी येऊ लागली. कारलं तिला कधीच आवडलं नाही, आणि राहीनेही हट्ट धरला नाही. महिन्याभरात राजकन्या न थांबता जिना चढू लागली. दुसऱ्या महिन्यात ती रोज सकाळी शंभर-दोनशे पायऱ्यांचा सराव करू लागली.

दसऱ्याला सारं नगर पायथ्याशी जमलं. राही गर्दीत उभी होती. चारशेव्या पायरीवर राजकन्या खाली बसली.  राहीने डोळे मिटले. उघडले तेव्हा पोर पुन्हा चढत होती, सावकाश, पण थांबत नव्हती. आणि मग गडावर निशाण फडफडलं. नगाऱ्यांनी डोंगर दणाणून गेला.

राजा राहीला म्हणाला, "काय हवं ते माग."

"शिपायांच्या, नोकरांच्या ताटातही अशीच भाजी पडू दे महाराज."

तेवढ्यात आचारी पुढे झाला. त्याने पागोटं काढून हातात घेतलं होतं. "राहीबाई," तो म्हणाला, "उद्या बाजारात जाताना मलाही बरोबर न्या."

त्या दिवसापासून त्या नगरात मोठ्या भाजीपेक्षा कोवळ्या भाजीला मान मिळू लागला. आणि पुढे राणी झालेली ती मुलगी आपली भाजी शेवटपर्यंत स्वतः निवडत राहिली.

तात्पर्य: भाजी पारखून घ्यावी, तिचं सत्त्व राखून रांधावी आणि चवीने वाढावी, तेव्हाच अन्न अंगी लागतं.