जळका खांदा

"कोट खांद्यावर मागून जळलाय, म्हणजे गडी पाठ दाखवूनच पळाला!" कनातीपलीकडे कप्तान मोहिते खदखदून हसला.

अलीकडे नवऱ्याचा तोच कोट शिवत बसलेल्या येसूच्या अंगाची लाही लाही झाली. फिरंगी कवायतीच्या पलटणीत तिचा नवरा जमादार होता. लग्नाला पुरता महिनाही झाला नव्हता, आणि लढाईतला पळपुटा ठरवून आज त्याची जमादारी काढून घेणार होते.

ती तडक कनातीपलीकडच्या सदरेवर गेली आणि सरदारांपुढे कोट आपटला.

"शत्रूची गोळी लांबून येते, ती भोक पाडते, जाळत नाही. पहिल्या रांगेतल्याचा खांदा जळतो तो मागच्या रांगेतून खांद्यावरून झाडलेल्या आपल्याच बंदुकांच्या ठिणग्यांनी. कप्तानसाहेब, तुमची जागाही पहिल्याच रांगेत ना? मग तुमच्या खांद्यावरचे सोनेरी गोंडे असे कोरे करकरीत कसे?"