उंदराची उघडी कणगी

"त्या कणगीला झाकण लाव!" चिचुंद्री मावशी किंचाळली.

"मावशी, तुला आमच्या कामातलं काय कळतं गं?" शेजारचा उंदीर म्हणाला.

जनावरंही नोकऱ्या करायची, त्या काळातलं हे भांडण. उंदीर मोठ्या कोठारात दाणे निवडायच्या कामाला होता. रोज जायचा कंटाळा, म्हणून त्यानं घरापासून कोठारापर्यंत भुयार खणलं आणि घरबसल्या काम सुरू केलं. ने-आण सोपी व्हावी म्हणून घरची कणगी भुयाराच्या तोंडाशीच उघडी ठेवली. पिल्लांचं वर्षाचं धान्य होतं त्यात!

"कोठारावर साळिंदराचा पहारा आहे," उंदीर ऐटीत म्हणाला. "आणि माझ्या दाराला धोंडा केवढा लावलाय, बघ तरी! कोण शिरतंय?"

पुढं कोठारातच किडे झाले. काट्यांना ते थोडेच भिणार? भुयारातून रांगेनं आले आणि थेट कणगीत उतरले. पिल्लांच्या वाट्याला नुसता भुसा उरला.

"पण धोंडा तर जागचा हललेला नाही!" उंदीर रडता रडताही भांडतच होता.

मावशीनं मूठभर भुसा त्याच्यापुढे ओतला आणि म्हणाली, "झकास आहे हो तुझा धोंडा, एकाही किड्याला बाहेर जाऊ दिलं नाही त्यानं."