इमामचाचांची पापणी

"पण लेन्स पुसताना दाबू किती, ते सांगा ना!"

उमाकांतनं तिसऱ्यांदा विचारलं. तो पुण्यात बडा इंजिनिअर. समोर फलटणच्या पेठेतले म्हातारे इमामचाचा, रेडिओ-टेप दुरुस्त करणारे. मधे घरचा जुना सीडी प्लेअर, झाकण काढलेला.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचं, वृंदाचं लग्न. मंगलाष्टकं वडिलांच्याच आवाजात हवीत, एवढा एकच तिचा हट्ट. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आवाज उरला होता एका सीडीवर, आणि प्लेअर ती वाचेना. इंजिनिअरसाहेबांच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नव्हता.

"घरी काय केलंस?"

"फुंकर मारली. मग रुमालानं घासली लेन्स."

"भांडं आहे का ते?"

उमाकांतनं रुमाल खिशात कोंबला.

चाचांनी प्लग काढला. रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी लेन्स, बारीक तारांवर तोललेली. त्यांनी कापूस लावलेली काडी पुढे केली.

"तुम्हीच पुसा, चाचा. माझ्या हातून बिघडली तर..."

"माझा हात थरथरतो, बेटा."

मग त्यांनी डोळे मिटले आणि मान पुढे केली.

"आधी माझी पापणी पूस. कोरड्या काडीनं."

"चेष्टा नको हो. गोरज मुहूर्त आहे!"

"पूस."

उमाकांतनं काडी टेकवली.

"अरे, डोळा फोडतोस काय!"

पुन्हा.

"जड आहे अजून."

पुन्हा. या वेळी श्वास रोखून...

चाचा तसेच बसून.

"कर की सुरू."

"चाचा... झाली पुसून."

म्हातारा खुदकन हसला. डोळे मिटलेलेच.

"मग नवी काडी घे. स्पिरिटचा एक थेंब. आता तिची पाळी."

उमाकांतनं लेन्स पुसली. फुंकर मारायचा मोह आवरून ती वाळू दिली. प्लग लावला. सीडी फिरली... फिरतच राहिली...

आणि दुकानभर वडिलांचा खणखणीत आवाज घुमला. "शुभमंगल सावधान!"

उमाकांत हसता हसता रडला. त्यानं वृंदाला फोन लावून प्लेअरपाशी धरला. पलीकडून ती आनंदानं अशी किंचाळली, की पेठेतले दोघे दुकानात डोकावले. त्यानं चाचांचे पाय धरले.

"आता तरी सांगा चाचा, दाबायचं किती होतं?"

चाचा अजून तसेच, डोळे मिटून, मान पुढे करून बसले होते.

"मी डोळे उघडू का आता?"