शेटजींचा पाण्यातला पाहुणा

खाडीच्या काठी एक गाव होते आणि त्या गावात रुद्राजीशेट नावाचे व्यापारी राहत होते. त्यांच्याकडे आलेला माणूस उपाशी परतत नसे. त्याची तशी इच्छा असली, तरी परतू शकत नसे. शेटजी आपल्या झुबकेदार मिशांसह पाटासमोर उभे राहत आणि पाहुण्याने हाताने पान झाकले, तर बोटांच्या फटीतून वाढत. पाहुण्याला जेवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, असे त्यांचे व्रत होते. वीस वर्षांत ते एकदाही मोडले नव्हते. पाहुणे मात्र बरेच मोडले होते.

एकदा ओळखीच्या तांडेलाने त्यांना काळुंदराचे पिल्लू आणून दिले. काळुंदर म्हणजे खाडीतला हिरवट मासा, अंगावर मोत्यांसारखे ठिपके असलेला. हे पिल्लू जेमतेम बोटाएवढे होते.

"शेटजी, आजपासून हा तुमचा पाहुणा," तांडेल गमतीने म्हणाला आणि गलबत घेऊन निघून गेला.

शेटजींनी आयुष्यात गंमत केली नव्हती, त्यामुळे त्यांना ती ओळखता आली नाही. त्यांनी ओसरीवर काचेचा नवा हौद मांडला. चारी बाजूंनी काच, तळाला धुतलेली वाळू आणि मध्ये पाहुणा. गांडुळाचे बारीक तुकडे पाण्यात सोडून शेटजी समोर बसले. पिल्लू कोपऱ्यात गेले, काळवंडले आणि तिथेच थांबले. त्याने काही खाल्ले नाही. म्हणून शेटजींनीही खाल्ले नाही.

दुसऱ्या दिवशी गाव लोटले. जो तो काचेला नाक लावून आग्रह करू लागला.

"लाजू नकोस रे, आपलंच घर समज!"

"माझ्या हातचा एक घास. एकच!"

"आमच्या वेळचे मासे असे नव्हते," एक आजोबा म्हणाले.

आचाऱ्याने केशरी शिरा सोडून पाहिला. पाण्याला पाहुणचाराचा रंग आला, पिल्लू कोपऱ्यातच राहिले. तिसऱ्या दिवशी त्याचे पोट आत गेलेले दिसू लागले. शेटजींचेही दिसू लागले. घरातली बाकीची माणसे मागच्या पडवीत व्यवस्थित जेवत होती, कारण व्रत शेटजींचे होते.

"अहो, दोन घास खा," त्यांची बायको सगुणाबाई म्हणाली.

"तो उपाशी असताना?"

"मग तुम्ही गेल्यावर त्याला आग्रह कोण करणार?"

शेटजी पुन्हा काचेकडे वळले. अंगात बळ उरले नव्हते. दुपार झाली, ऊन काचेतून पाण्यात उतरले आणि बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटले.

ओसरी हिरवी झाली. खांब लव्हाळ्यासारखे डोलू लागले. शेटजींना आपले पाय दिसेनात आणि त्याची खंतही वाटेना. ते पाण्यात होते, हलके, बोटाएवढे. दूर कुठेतरी भरती येत होती आणि तिच्या आवाजाने अंग झुलत होते. मग पाण्यापलीकडे एक चेहरा चंद्रासारखा उगवला. त्याच्याशेजारी दुसरा उगवला, मग तिसरा. "घ्या ना," सगळे चंद्र म्हणाले. वरून ढगाएवढी जिलबी संथपणे खाली येऊ लागली. ती सुंदर होती आणि शेटजींना भूकही होती. पण इतके चंद्र बघत असताना तोंड काही उघडेना. ते लपायला कोपऱ्यात गेले. तिथेही काच होती आणि काचेमागे झुबकेदार मिशा होत्या. "संकोच करू नका," मिशा म्हणाल्या. शेटजींनी इतका भीतीदायक आवाज कधी ऐकला नव्हता. तो त्यांचाच होता.

ते दचकून जागे झाले.

"सगळ्यांनी घरी जा," ते म्हणाले.

"पण माझा घास राहिलाय," आजोबा म्हणाले.

"तो तुम्ही खा."

शेटजींनी शिरा उपसून काढला. निम्मे पाणी बदलून खाडीचे पाणी घातले. हौदात आडोशाला एक फुटके मडके ठेवले आणि काचेवर आपले उपरणे पांघरले. चिमूटभर गांडुळाचे तुकडे सोडले आणि माजघरात जाऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. पाहुण्याकडे पाठ फिरवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

बाहेर पाणी हलल्याचा बारीक आवाज झाला. शेटजींची मान वळू लागली.

"वळू नका," सगुणाबाई म्हणाली.

"खाल्लं असेल का गं त्याने?"

"असेल."

"नक्की?"

"मी कुठं पाहिलंय? आणि तुम्हीही पाहू नका."

शेटजींनी मान पुन्हा भिंतीकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "वाढ मला."

सगुणाबाईने पान वाढले आणि ती आत निघून गेली. शेटजी एकटेच जेवले, सावकाश, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना आमटीची चव कळली. संध्याकाळी त्यांनी उपरण्याचे टोक उचलले, तेव्हा हौदात एकही तुकडा उरलेला नव्हता.

तात्पर्य: भुकेल्यापुढे अन्न ठेवावे आणि बाजूला व्हावे. तो जेवताना आपल्याला दिसावा, ही भूक आपली असते.