भुयाराचे शंभर मजले

“आणि त्या दाराच्या पलीकडं काय?”

बुवांनी हे विचारलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून कितव्यांदा, ते विचारू नका. चुलीवर आमटी आटत चालली होती. आणि आमचे यल्लप्पाबुवा, वय वर्षं ऐंशी, मठाच्या ओट्यावर मांडी घालून पाहुण्याच्या लॅपटॉपमध्ये उंदीर मारत बसले होते.

“उघडा आणि बघा,” पाहुणा म्हणाला.

बुवांनी बटण दाबलं. दार करकरलं. आत आणखी एक दार.

“अरे वा!” बुवा म्हणाले.

पाहुण्याचं नाव निनाद शेजवळ. पुण्याहून आला होता. तिशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. सहा वर्षं खपून तो हा खेळ तयार करत होता. जमिनीखाली भुयार. भुयाराला मजले, मजल्यांवर खोल्या, खोल्यांत राक्षस, चेटकिणी आणि खजिन्याच्या पेट्या. एका हातात तलवार, एका हातात कंदील. एकट्यानं खाली खाली उतरायचं.

सकाळी ओट्यावर बूट काढायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं होतं.

“बुवा, मला तुमचा आशीर्वाद हवाय. शंभर मजले करायचेत. अठ्ठावन्न झाले. मी मागे हटणार नाही.”

“हटणार नाहीस तर आशीर्वाद कशाला?”

तो बुटाची नाडी सोडू लागला.

“रुबीना म्हणून माझी जोडीदार आहे. खेळातली सगळी चित्रं तिची. पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. ती म्हणते, सत्ताविसाव्या मजल्यावर शेवट कर आणि खेळ लोकांच्या हाती दे. सोमवारपर्यंत ऐकलं नाहीस तर मी चालले...”

“जाईल?”

“जाईल. आणि तशी दुसरी मला मिळायची नाही.”

“मग थांब की सत्ताविसावर.”

“थांबू? मी शंभर जाहीर केलेत! आणि हे तुम्ही सांगताय? तुम्ही?”

त्यानं अंगणातल्या विहिरीकडं बोट केलं.

ती विहीर बुवांच्या हातची. मठात यायच्या आधी बुवा गावोगाव विहिरी खोदायचे. ही शेवटची. आमच्या मुलखात हिची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. यल्लप्पानं चारचौघांत सांगितलं, सात परस खोल नेतो. एक परस म्हणजे एक पुरुषभर. लोक हसले, बरोबरची माणसं सोडून गेली, पण गड्यानं एकट्यानं सात परस नेली. शब्दाचा माणूस! लोक मुलांना इथं आणून काठावरून खाली वाकून दाखवतात.

“आजोबांनी मला ही गोष्ट सांगितली होती,” निनाद म्हणाला. “तिच्या जोरावर मी सहा वर्षं काढलीत.”

मी ओठ दाबून धरला. त्या विहिरीत टिपूस नाही. नऊ वर्षं झाली, मी टेकडीखालच्या ओढ्यावरून घागरी वाहतेय, सकाळी दोन खेपा, दुपारी एक. एकदा न राहवून विचारलं होतं, बुवा, एवढी खोल नेली आणि कोरडी कशी? तर म्हणाले, “मथुरे, माझ्या हाताचा गुण.” आणि विषय संपला.

निनादचाही विषय त्यांनी तसाच संपवला. एवढंच म्हणाले, “दाखव तुझं भुयार.”

तेव्हापासून हे चाललं होतं.

खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी मीही भाकरी थापता थापता मान वाकडी करून बघत होते. कंदिलाच्या उजेडापुरतंच दिसायचं. पुढं मिट्ट काळोख. कुठंतरी पाणी ठिबकायचं, कुणीतरी साखळी ओढत जायचं. पेटी दिसली की बुवांच्या आधी माझाच जीव वरखाली व्हायचा. काय निघेल? बहुतेक वेळा जुनं बूड फुटलेलं भांडं निघायचं. तरी पुढच्या पेटीला पुन्हा तेच!

एकदा खेळात उंदीर चावला तसं बुवांनी तिथल्याच झोळीतली औषधाची कुपी काढली आणि घटाघटा संपवली.

“अहो, राखून ठेवायची ती!” निनाद ओरडला. “पुढं मोठा राक्षस आहे!”

“जखम आत्ता झालीय.”

“सगळे राखून ठेवतात.”

“आणि मग?”

“मग...” निनाद ओशाळून हसला. “खेळ संपतो तेव्हा झोळी भरलेली असते.”

बुवाही हसले. त्या दोघांची गट्टी जमली होती, हे मला मुळीच आवडलं नाही. आमटी मी दोनदा गरम केली.

त्या दिवशी दुपारी बुवा सत्ताविसाव्या मजल्यावर पोचले.

तिथं राक्षस नव्हता. जमिनीखालची एक नदी होती, आणि काठावर वाती वळत बसलेली एक आंधळी म्हातारी. तिनं तलवार मागून घेतली, बाजूला ठेवली. कंदिलात तेल घातलं. म्हणाली, “दमलास. बस जरा.” आणि नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळली.

बुवांनी बटणावरचा हात काढला. दोन्ही हात जोडले.

माझ्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काय चित्र काढलं होतं त्या रुबीनानं!

“थांबू नका!” निनाद म्हणाला. “अजून एकतीस मजले तयार आहेत.”

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. मग म्हातारीकडं पाहिलं. तलवार उचलली आणि खाली उतरले.

तिसरा दिवस माझ्याच्यानं बघवेना. तेच उंदीर, फक्त आता निळे. त्याच खोल्या, भिंतींचा रंग बदललेला. पेट्या तेवढ्याच, भांडी तीच. मी भाकरीकडं लक्ष घातलं. भाकरी छान फुगली त्या दिवशी.

जरा वेळानं वर बघते तर बुवांची मान छातीवर पडलेली, आणि अंगठा चालू. टक, टक, टक. पडद्यावर उंदीर मरत होते.

“बुवा! झोपलात?”

“हो.”

“आणि खेळ?”

“मी नसलो तरी चालतंय की इथं.”

निनादचं तोंड लाल झालं. “ही तपश्चर्या आहे, बुवा! खेळणाऱ्याची परीक्षा आहे!”

“कुणाची?”

“खेळणाऱ्याची...”

“बरं.”

तो ताडकन उठला. लॅपटॉप मिटला. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. सहा वर्षं म्हणजे काही थट्टा नव्हे.

“उद्या सोमवार आहे,” तो म्हणाला. “रुबीनाला जायचं तर जाऊ दे. मी एकटा करीन. दहा वर्षं लागू देत. शंभर म्हणजे शंभर. तुम्ही सात परस नेली, मी शंभर मजले नेणार. आता द्या आशीर्वाद.”

त्यानं वाकून पायांवर डोकं टेकवलं.

“देतो,” बुवा म्हणाले. “घसा कोरडा पडलाय माझा. आधी पाणी पाज.”

मी लगबगीनं माठाकडं निघाले.

“माठातलं नको, मथुरे. विहिरीचं.”

मी तोंड उघडलं. बुवांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड मिटलं.

निनाद विहिरीवर गेला. तिथं एक जुनी बादली लटकलेली असते, दोर अजून धड आहे. त्यानं ती खाली सोडली. दोर सरकत राहिला, सरकत राहिला... आणि खालून खणखण आवाज आला.

त्यानं दोर हलवला. जागा बदलली. पुन्हा सोडली. पुन्हा खणखण. काठाला पूर्ण वळसा घालून त्यानं चारही बाजूंनी बघितलं. गडी सहजासहजी सोडणारा नव्हता. घामानं शर्ट पाठीला चिकटला. शेवटी बादली वर ओढली. आत मूठभर माती आणि वाळका पाला.

“पाणी नाही,” तो म्हणाला.

“खोली कमी पडली असेल.”

“सात परस आहे, बुवा. सगळा मुलूख जाणतो.”

“हं.”

निनाद बादली धरून उभा होता. मीही पदराला हात पुसत विहिरीजवळ गेले. नऊ वर्षांच्या खेपा माझ्या कमरेत होत्या, मलाही ऐकायचं होतं.

“पाणी लागलंच नव्हतं का?” त्यानं हळूच विचारलं.

बुवा काठी टेकत आले. त्याच्या हातातून बादली घेतली, पालथी केली, माती झटकली.

“लागलं होतं. चौथ्या परसाला. गोड, गारेगार पाणी. माझा जोडीदार हणमंता, त्यानं ओंजळ भरून मला पाजलं. पहार बाजूला ठेवली आणि म्हणाला, चल यल्लप्पा, झालं आपलं काम.”

“मग ते पाणी कुठं गेलं?”

“मी खाली आणखी सुरुंग लावले. कातळाला भेग पडली. झरा त्या भेगेतून निघून गेला. हणमंता त्याच दिवशी पहार खांद्यावर टाकून काम सोडून गेला.”

“पण... पाणी लागल्यावर सुरुंग कशाला?”

बुवांनी बादली पुन्हा जागेवर लटकवली. दोराची गाठ नीट बसवली...

“मी सात सांगितले होते ना.”