तळटीपेतला अर्थ

"पण 'रूथलेस' जगला आणि 'रूथ' तेवढा मेला, याचं कारण काय असेल, गुरुजी?"

निशिकांत बोकीलांनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तर त्यांच्यापाशी तयारच होतं. छापायला निघालेलं हस्तलिखित त्यांच्या मांडीवर होतं.

"आमच्या गल्लीत दोन रूथ आहेत," आढाव गुरुजी म्हणाले. "एक शिवणकाम करते."

"ते नाव वेगळं, गुरुजी. ते हिब्रू. हा जुना इंग्रजी शब्द, दया या अर्थाचा."

"असं होय..."

सॉलोमन आढाव नगरच्या मिशन शाळेत इंग्रजी शिकवत. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि भिंगारला चर्चमागच्या एका खोलीत राहत. बोकील त्यांचे शाळेतले विद्यार्थी, आता पुण्याला प्राध्यापक. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हा एक शब्द कुठे कुठे येतो, ते शोधण्यात त्यांची अकरा वर्षं गेली होती. पुस्तक छापण्याआधी ते गुरुजींच्या नजरेखालून जावं, एवढ्यासाठी ते आले होते. निदान स्वतःला त्यांनी तसं सांगितलं होतं.

"कसा येतो तो जुन्या पुस्तकांत?"

बोकील खुलले. "पद्यात बहुधा 'ट्रूथ'शी यमक जुळवायला. कुणी पडलेल्या शत्रूकडे पाहतो, त्याचं मन द्रवतं, तिथे हमखास. पुढे पुढे मात्र 'विदाउट रूथ' एवढ्याच जागी उरला. म्हणजे बघा, एखाद्याच्या मनात दया नाही हे सांगण्यापुरताच."

गुरुजींनी मान हलवली. बोकीलांनी सोबत आणलेल्या नोंदींच्या खोक्यातून त्यांनी एक कार्ड उचललं, भिंगाखाली धरलं.

"अक्षर सुरेख आहे. तुझं नाही."

"नाही. लोणकरबाईंचं."

"कोण?"

"हेमलता लोणकर. कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. नऊ वर्षं कार्डं त्यांनीच लिहिली."

"पुस्तकात नाव असेल त्यांचं."

बोकील मांडीवरची पानं सारखी करू लागले.

"प्राचार्यांचं आहे?"

"आहे."

"टंकलेखकाचं?"

"...आहे."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा आवाज आत येत राहिला.

"एक चूक झाली होती त्यांच्याकडून," बोकील म्हणाले. "एका पुस्तकाचं साल घ्यायचं होतं पहिल्या आवृत्तीचं, त्यांनी घेतलं पुनर्मुद्रणाचं. भर परिसंवादात एकानं ते दाखवून दिलं. माझा सगळा कालक्रम त्यामुळे डळमळीत झाला."

"मग?"

"मी म्हणालो..." ते थांबले. "म्हणालो, पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या बाईंवर विसंबून राहिलो, ही माझीच चूक."

"त्या होत्या तिथे?"

"शेवटच्या रांगेत. लोक हसले. बाईंनी जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली आणि गेल्या."

गुरुजी कार्डाकडे पाहत राहिले.

"दुसऱ्या दिवशी कार्डांची चारही खोकी माझ्या टेबलावर होती. अक्षरक्रमानं लावलेली. चुकलेलं कार्ड नव्यानं लिहिलेलं. चिठ्ठी वगैरे काही नाही."

"तू गेलास त्यांच्याकडे?"

"जाणार होतो. परीक्षा आल्या. मग पेपर तपासणी. एकदा त्यांच्या घरापर्यंत गेलो होतो... दारात चपला दिसल्या बऱ्याच. पाहुणे असतील म्हणून परत फिरलो."

"मग?"

"मार्चमध्ये वारल्या. मला जूनमध्ये कळलं. तेसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून."

आता खराटाही थांबला होता.

"शास्त्रात असं कठोर व्हावंच लागतं, गुरुजी," बोकील घाईघाईनं म्हणाले. "साल म्हणजे साल. तिथे दयामाया करून..."

वाक्य तिथेच अडलं. आपण काय बोलतोय ते त्यांच्याच कानांना ऐकू आलं.

गुरुजींनी कार्ड होतं त्या जागी परत ठेवलं. दोनदा बोटानं चाचपून, सरळ करून ठेवलं.

"या शब्दाचा एकच अर्थ?"

"नाही. दोन. दुसरा विरळ आहे. तो तळटीपेत टाकलाय."

"वाच."

"अगदी किरकोळ आहे, गुरुजी. चार-पाचच दाखले."

"माझे डोळे गेलेत. तू वाच."

बोकीलांनी पानं उलटली. तळटीप सापडायला वेळ लागला. ती बारीक अक्षरात होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात वाचतात तशा खड्या आवाजात सुरुवात केली.

"'दुसरा अर्थ. आपण दुसऱ्याला दिलेल्या दुखापतीची आपल्याच मनाला...'"

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

"'...आपल्याच मनाला लागून राहिलेली टोचणी. दाखले...'"

पुढे वाचवेना. कागद हातात तसाच राहिला. गुरुजींनी घाई केली नाही. माठातलं पाणी भांड्यात ओतलं आणि भांडं त्यांच्यासमोर सरकवलं. बोकीलांनी ते घेतलं नाही.

"जूनपासून काहीतरी होतंय मला," अखेर ते हळू आवाजात म्हणाले. "कार्डं उघडली की होतं. त्यांचं अक्षर दिसलं की... दुःख म्हणावं, तर त्या माझ्या कोण? लाज म्हणावी, तर आता कुणाला तोंड दाखवायचंय? कुणाला सांगायला जावं, तर..."

त्यांनी मान खाली घातली.

"इतकी वर्षं शब्दांत घालवली, गुरुजी. आणि याला शब्द सापडत नाही."

"सापडला होता," गुरुजी म्हणाले.